गोड पाण्याचा पाहुणचार

घोलवडला आमच्या घरापासून समुद्र चालत दहा मिनिटांवर आहे आणि आमच्या घरातली माणसं पाहुणे आल्याशिवाय तिकडे फिरकत नाहीत. माझ्या सासरी समुद्र म्हणजे चिकूची फुलं करपवणारा खारा वारा. त्याचं नाव निघतं ते बहुतेक शिव्या द्यायलाच. त्यामुळे दोन हजार सोळाच्या दिवाळीच्या सुट्टीत बोरिवलीची नणंद मुलाला घेऊन आली आणि मुलांना समुद्रातले जीव दाखवू या म्हणाली, तेव्हा आपण जन्मभर हेच करत आलो आहोत असा चेहरा सगळ्यांनी केला.

नवऱ्याने लगेच पुढारीपण घेतलं. ओहोटी कधी लागते हे त्याला म्हणे कुणाला विचारावं लागत नाही. आम्ही पोचलो तेव्हा भर भरती होती. सुरूच्या सावलीत बसून डबाभर चिवडा संपवला, एकमेकांचे फोटो काढले, आणि दुपार कलल्यावर पाणी ओसरायला लागलं. आमच्याकडे ते ओसरतं तेव्हा पार लांब जातं. मागे ओली वाळू, खडक आणि त्यांच्यामधली डबकी राहतात.

वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी होती. ही किड्यांची अंडी, असं नवऱ्याने जाहीर केलं. माझ्या सात वर्षांच्या मुलीने एक उचलून दाबली, तर तिची वाळू झाली. अंडं फुटलं, नवरा म्हणाला. तेवढ्यात शेजारच्या भोकातून नखाएवढा खेकडा बाहेर आला, त्याने तोंडापाशी वाळू चाळली आणि तश्शीच एक गोळी करून बाजूला ठेवली. मुलीने बापाकडे पाहिलं. बाप क्षितिजाकडे पाहत होता.

मग तिला चालणारा शंख सापडला. कडेला थोडा टवका उडालेला, सुपारीएवढा. तिने तो तळहातावर ठेवला आणि बसून राहिली. जेवताना चार वेळा उठणारी माझी मुलगी पंधरा मिनिटं हलली नाही. शेवटी आतून दोन डोळे आले, मग पाय, आणि तो खेकडा तिच्या मनगटाकडे निघाला. ‘‘आई, त्याला मी आवडले,’’ ती हळूच म्हणाली. भाच्याने मोबाईलवर शोधून हर्मिट क्रॅब हे नाव सांगितलं आणि पुन्हा गेम सुरू केला. नणंदेने एकवीस फोटो काढले, त्यातल्या एकोणिसांत ती स्वतः होती.

गुडघ्यांमुळे घरीच राहिलेल्या आजोबांना खेकडा दाखवायचा हट्ट मुलीने धरला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच डबक्यात परत सोडायचा, असं तिने माझ्याकडून वदवून घेतलं आणि खेकड्यालाही तसं सांगितलं. त्याला खेळण्यातल्या बादलीत पाण्यासकट ठेवला. गाडीपाशी नवऱ्याने ते पाणी ओतून दिलं. गाडी नवी होती, म्हणूनच तर दहा मिनिटांच्या वाटेला काढली होती, आणि सीटवर खाऱ्या पाण्याचे डाग पडतात.

घरी सासरे ओसरीवरच होते. आमच्या आळीतल्या निम्म्या विहिरी मचूळ झाल्यात, आमची अजून गोड आहे, आणि सासऱ्यांच्या आयुष्यात याहून मोठी कमाई नाही. घरी आलेल्या प्रत्येकाला, मग तो वीजबिल वाटणारा का असेना, आधी तांब्याभर पाणी पाजायचं आणि तो ‘वा’ म्हणेपर्यंत त्याच्याकडे बघत राहायचं. कोरड्या बादलीतला खेकडा पाहून ते कळवळले. ‘‘आपल्या दारी आलाय तो. विहिरीचं ताजं पाणी घाला त्याला. बिचारा जन्मभर खारंच पीत आलाय.’’

सगळ्यांना ते पटलं. नणंदेने तर रहाटाने ताजं पाणी काढलं आणि वाळू जावी म्हणून त्याला आधी खळखळून धुतला. मला कळत होतं की हे बरोबर नाही. समुद्रातल्या जिवाला गोडं पाणी चालत नाही, एवढं तर मला ठाऊक होतं. पण त्या विहिरीच्या पाण्यात खोट काढायची म्हणजे पुढचे आठ दिवस घरात कोण कुणाशी बोलणार नाही, याचा हिशेब मी आधी केला आणि मूग गिळून बसले. मनाशी म्हटलं, एका रात्रीत काय होतंय.

सकाळी खेकडा शंखाच्या बाहेर पडला होता. नवरा म्हणाला, झोपलाय. नणंद म्हणाली, कात टाकत असेल, त्यांच्यात असतं तसं. भाच्याने मोबाईलवरून मान वर न करता सांगितलं की तो मेलाय, गोड्या पाण्यात हे मरतातच. सासरे बादलीशी वाकले, बोट बुडवून जिभेला लावलं आणि म्हणाले, ‘‘पाणी तर चांगलं आहे.’’

मुलगी रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं, जवळ घेतलं असतं, शेवया केल्या असत्या. तिने सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं आणि माझ्यापाशी थांबली.

‘‘आई, तुला माहीत होतं?’’

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण ती ज्या नजरेने बघत होती त्या नजरेसमोर ते जमेना. ‘‘हो,’’ मी म्हणाले. सासऱ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मीच विहिरीत मीठ टाकलं होतं.

‘‘मग काल बोलली का नाहीस?’’

माझ्याकडे उत्तर होतं. ते त्याच ओसरीवर, माझ्या चारही बाजूंनी उभं होतं. त्यांच्यादेखत ते मला सांगता येईना, आणि मी गप्प बसले तेव्हा माझ्या लक्षात आलं की कालही मी अशीच बसले होते.

तिने खेकडा आणि शंख रुमालात गुंडाळले, चपला घातल्या. मीही पदर खोचून निघाले. फाटकापाशी तिने मला हाताने थांबवलं आणि आजोबांना हाक मारली. ‘‘आजोबा, तुम्ही चला. तुम्हाला खरंच माहीत नव्हतं.’’ आणि ते आपले दुखरे गुडघे घेऊन तिच्या मागोमाग समुद्राकडे गेले.