केरू पगारेंची दुरुस्ती

१९७८ साली केरू पगारेंची समितीवर नेमणूक झाली, त्या पत्राचा लिफाफा मीच डकवला होता. सातपूरला कामगार विम्याच्या कार्यालयात मी कारकून होतो. नाशिक रोडहून रोज बसने यायचो. दर तीन महिन्यांनी भरणाऱ्या स्थानिक समितीचं इतिवृत्त लिहिणं हे माझं काम.

समितीत मालकांची दोन माणसं, कामगारांची दोन, विमा दवाखान्याचे डॉक्टर आणि आमचे व्यवस्थापक. हुकूम काढायचा अधिकार तिला नव्हता. औषधं येतात का, दाखले अडतात का, कुणाचा हक्क डावलला गेला का, हे बघायचं आणि वरती सल्ला लिहून पाठवायचा, एवढंच. पण वरती तो वाचला जायचा, हे मी पाहिलेलं आहे.

केरू एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर होते. गाव पिंपळगाव बसवंतजवळचं. बहात्तरच्या दुष्काळात रावजी नावाच्या गाववाल्याने त्यांना सातपूरला आणलं, चार महिने आपल्या खोलीत ठेवलं, कामाला चिकटवलं. पुढे रावजी त्याच कारखान्यात मजूर पुरवणारा ठेकेदार झाला.

पहिल्याच बैठकीत केरू उभे राहिले. म्हणाले, "दवाखाना पाचला बंद होतो आन् जनरल पाळी साडेपाचला सुटते. मंग माणसानं आजारी पडायचं कवा?" सगळे हसले. पण आम्ही ते लिहून पाठवलं आणि दोन महिन्यांत दवाखान्याची वेळ सातपर्यंत झाली. तेव्हापासून सातपूरच्या रस्त्यात लोक त्यांना थांबवून गाऱ्हाणी सांगायचे. ते बैठकीला धुतलेला टेरेलिनचा शर्ट घालून यायचे आणि माझ्या शेजारी बसायचे.

१९८०च्या फेब्रुवारीत भागीबाईचा अपघात झाला. ती रावजीकडे मजूर होती. प्रेसखाली पडलेले पत्र्याचे तुकडे गोळा करायचं तिचं काम. प्रेस खाली आला तेव्हा तिचा उजवा हात आत होता. दोन बोटं गेली. शेजारच्या मशीनवर केरूच होते. त्यांनीच तिला ओढून बाहेर काढलं, आपल्या टॉवेलात तिचा हात गुंडाळला.

रावजीने तिला खाजगी डॉक्टरकडे नेऊन पट्टी बांधून आणली. विम्याला तिचं नाव त्याने लावलंच नव्हतं. त्यामुळे ती आमच्या दवाखान्यात आली तेव्हा हातात ना कार्ड, ना अपघाताचा अहवाल. तिला परत पाठवलं. मग ती केरूंच्या घरी गेली. "केरूदादा, तुम्ही समितीत हायेत. तुम्ही डोळ्यानं पाह्यलंय."

"मी मांडतो," केरू म्हणाले. आणि खरंच त्यांनी अर्ज दिला. मी तो मार्चच्या बैठकीत चौथ्या विषयाला घेतला.

बैठकीच्या आदल्या दिवशी रावजी त्यांच्याकडे आला. केरूंच्या बायकोने, मालनबाईंनी, चहा दिला. तो त्याने घेतला नाही.

"माझा ठेका जाईल केरू. तीस बाया हायेत माझ्याकडं. त्या कुठं जातील?"

"तात्या, तिचा हात गेला."

"तिचं मी पाहतो. तू खोटं बोलू नको. फक्त माहीत नाय म्हण. एवढं बी नाय करणार माझ्यासाठी?"

हे सगळं केरूंनी मला नंतर सांगितलं. त्या दिवशी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. बैठकीत मालकांच्या बाजूने बसणारे कारखान्याचे अधिकारी म्हणाले, अशी कुणी बाई आमच्याकडे नाही, घरी कडबा कापताना तिला लागल्याचं ऐकतो. व्यवस्थापक केरूंकडे वळले. "पगारे, अर्ज तुम्हीच दिलात. त्याच खात्यात आहात. तुम्ही काय पाहिलं?"

ते नुसतं 'पाहिलं' म्हणाले असते तरी समितीने निरीक्षक पाठवायचा सल्ला दिला असता. केरू टेबलावरच्या कागदाकडे बघत म्हणाले,

"माझी पाळी नव्हती साहेब. तिनं सांगितलं ते मी लिवलं. मला माहीत नाय."

मी लिहिलं: 'सदस्य श्री. पगारे यांनी घटनेची प्रत्यक्ष माहिती नसल्याचे सांगितले. विषय बंद करण्यात आला.'

भागीबाईला केरूंनी सांगितलं, साहेबांनी ऐकलं नाही.

जूनच्या बैठकीत मागचं इतिवृत्त वाचून झाल्यावर व्यवस्थापकांनी नेहमीसारखं विचारलं, "कुणाची दुरुस्ती?" केरूंनी पाणी मागितलं. ग्लास रिकामा होईपर्यंत इतिवृत्त कायम झालं होतं.

रावजीने भागीबाईचं पहिले काही आठवडे पाहिलं, पुढे सोडून दिलं. ती घरीच हळद लावत होती. जखम चिघळली. सप्टेंबरात तिला सरकारी दवाखान्यात ठेवल्याचं कळलं, म्हणून केरू सकाळची पाळी सुटल्यावर गेले. तिचा अंगठाही काढावा लागला होता. ती गुंगीत होती. तिथल्या डॉक्टरने केरूंना विचारलं, "तुम्ही भाऊ का? इतके दिवस कुठं होतात? चार महिने आधी आणली असती तर अंगठा राहिला असता."

तिथून ते सायकलवर थेट माझ्या टेबलापाशी आले. घामाने भिजले होते.

"भाऊसाहेब, ते बुक काढा. माझं वाक्य खोटं हाय."

"कायम झालेलं इतिवृत्त खोडता येत नाही, पगारे."

"खोडू नका. ऱ्हाऊ द्या तसंच. खाली खरं लिवा."

मी त्यांना व्यवस्थापकांकडे नेलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, रागावले नाहीत. लेखी निवेदन मागितलं आणि विषय पुढच्या बैठकीत घेतला. तिथे केरूंनी उभं राहून ते निवेदन वाचलं. वाचायची सवय नसल्याने अडखळत वाचलं, पण टॉवेलासकट सगळं वाचलं.

कारखान्याचे अधिकारी म्हणाले, "म्हणजे तेव्हा खोटं बोललात, की आता बोलताय?"

"तवा," केरू म्हणाले.

समितीने चौकशीचा सल्ला दिला. निरीक्षक गेला. रावजीच्या हजेरीत काही नव्हतं, पण फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या वहीत त्या दिवशी आत गेलेल्या बायकांची नावं होती. भागीबाईचंही होतं. ठेकेदाराची माणसं असली तरी जबाबदारी कारखान्याची, असा नियम होता. एक्याऐंशीच्या उन्हाळ्यात वैद्यकीय मंडळाने तिचं अपंगत्व ठरवलं आणि तिला कायमचं निवृत्तिवेतन मिळालं. बाकीच्या बायकांचीही कार्डं निघाली. रावजीचा ठेका मात्र गेला आणि त्याच्याबरोबर सात-आठ बायकांचं कामही. केरूंना त्याने पुन्हा कधी ओळख दाखवली नाही. मुदत संपल्यावर युनियनने समितीवर दुसरं नाव पाठवलं.

भागीबाई कागदपत्रांना आली त्या दिवशी केरू तिच्याबरोबर होते. तिने डाव्या अंगठ्याचा ठसा दिला. बाहेरच्या बाकावर बसल्यावर केरू म्हणाले, "भागीबाई, साहेबांनी ऐकलं नाय हे खोटं होतं. मीच नाय म्हणलो."

"म्हाईत हाय मला. रावजीनं तवाच सांगितलं."

"मंग माझ्याशी बोलत कशी राहिली?"

"दुसऱ्या कुणी पाह्यलं होतं?" ती म्हणाली. "तुम्हाला तोडून मी कुठं जाणार होते?"

मी खिडकीशी फाईल बांधत होतो. ती उठून बसथांब्याकडे गेली तरी केरू बाकावरच बसून होते.

पुढे सात-आठ वर्षं, निवृत्त होईपर्यंत, ते समितीवर नसतानाही आमच्याकडे येत राहिले. कुणाचा हात मशीनमध्ये सापडला, कुणाचा डोळा गेला, की त्याला सायकलवर बसवून आणायचे, अर्ज भरून घ्यायचे. अहवालाची प्रत हातात पडल्याशिवाय हलायचे नाहीत. मी एकदा म्हणालो, "पगारे, आता पुरे. तिला मिळालं ना?" ते म्हणाले, "अंगठा नाय मिळाला."

भागीबाई दर सहा महिन्यांनी हयातीचा दाखला द्यायला यायची. ती फाटकात दिसली, की केरू मागच्या दाराने सायकलींच्या शेडमध्ये जाऊन उभे राहायचे. एकदा तिने मला विचारलं, "केरूदादा येत नाय का आता?"

खिडकीतून मला त्यांची पाठ दिसत होती.

"आज आले नाहीत," मी म्हणालो आणि तिच्या दाखल्यावर शिक्का मारला.