भिडेखातर मेथीचे लाडू

बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्याला मी जेवढी भ्यायले, तेवढी बाळंतपणालासुद्धा भ्यायले नव्हते. डब्याच्या झाकणाला माझ्या नातीने चीर पाडली होती आणि आत आमच्या सोसायटीतल्या लोकांच्या चिठ्ठ्या होत्या. माझ्या मेथीच्या लाडवांबद्दलच्या.

नात तेव्हा मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला होती. घरगुती धंदे कसे टिकतात आणि गिऱ्हाईक एखादी वस्तू का घेतं, यावर तिला प्रकल्प करायचा होता. त्यासाठी तिला मुलुंडबाहेर पाऊल टाकावं लागलं नाही. हे गेल्यापासून मी लाडू करून विकत होते, तेही बारा महिने. मेथीचे लाडू मे महिन्यात कोण खातं, हा प्रश्न मला कधी पडला नाही. विकले जात होते ना! मी स्वतःला मोठी उद्योजिका समजत होते. पदर खोचून लिफ्टमध्ये अशी उभी राहायचे, जशी काही कारखान्याची पाहणी करायला निघालेय.

"आजी, लोक तुझे लाडू का घेतात? ऑप्शन सांग ना," नात म्हणाली.

चव आवडते, तब्येतीला चांगले, परवडतात, सवय झाली, असं आम्ही लिहीत गेलो. मग मला चेष्टा सुचली. "घाल, भिडेखातर."

"म्हणजे काय?"

घ्या! शिकली एवढी आणि हा शब्द माहीत नाही. "अगं, समोरच्याला नाही म्हणवत नाही, म्हणून."

"ऑकवर्ड वाटतं म्हणून?"

"तसंच. पण जरा जुनं दुखणं आहे ते."

तिला शब्द आवडला. तिने तो छापून टाकला. सरांनी सांगितलं होतं, चिठ्ठीवर नाव नको, म्हणजे लोक खरं लिहितात. डबा वॉचमनच्या टेबलावर गेला आणि मी हसत हसत लाडू वळायला बसले.

तिसऱ्या दिवशी समोरच्या विंगमधली सूनबाई लाडू न्यायला आली. पिशवी घेताना म्हणाली, "आजी, तुमच्या हाताला काय चव आहे हो!"

माझ्या हातातला लाडवांचा डबा तसाच राहिला. हे वाक्य मी ओळखत होते. ते माझं होतं.

लग्न होऊन मी या भागात आले तेव्हा तळमजल्यावर एक काकू पापड विकायच्या. पापड कसले, चपलेचे तळ. मी दर महिन्याला घ्यायची. घ्यायची ती घ्यायची आणि वर मान वेळावून म्हणायची, "काकू, तुमच्या हाताला काय चव आहे हो!" ही बावळट मग ते पापड पलंगाखालच्या ट्रंकेत लपवायची. नवऱ्याने विचारलं तर म्हणायची, पाहुण्यांसाठी ठेवलेत. काकू वारल्यावर ट्रंक उघडली. झुरळंसुद्धा शिवली नव्हती. काकू बिचाऱ्या शेवटपर्यंत समजत होत्या की मुलुंड त्यांच्या पापडावर जगतंय.

आता काकू मी होते. सोसायटीत किती पलंग आहेत आणि त्यांच्याखाली काय काय आहे, या विचाराने माझी अन्नावरची वासना उडाली.

आणि गोष्ट माझ्या एकटीची असती तर सोसलं असतं. नातीच्या कॉलेजात मुलांनी स्वतःचा धंदा मांडायची स्पर्धा होती. तिने माझे लाडू मांडले होते. त्याहून वाईट म्हणजे हाती आलेली चांगली नोकरी सोडून ती हाच धंदा पुढे चालवणार होती. सोमवारी तिला नोकरीवाल्यांना हो की नाही कळवायचं होतं.

शनिवारी दुपारी तिने डबा घरी आणला, चिकटपट्टी लावलेला, आणि केस धुवायला गेली. न्हाणीघरात पाण्याचा आवाज सुरू झाला. मी सुरी घेतली. छाती अशी धडधडत होती की वाटलं शेजारीण येऊन विचारेल, काय कुटताय?

पहिली चिठ्ठी, भिडेखातर. दुसरी, तब्येतीला चांगले. मग भिडेखातर, भिडेखातर. एकाने तर खाली लिहिलं होतं, "आजी फार प्रेमळ आहेत, कृपया त्यांना सांगू नका." मी भिडेखातरवाल्या सगळ्या चिठ्ठ्या वेगळ्या काढल्या आणि मेथीच्या दाण्यांच्या बरणीत खुपसल्या. पट्टी पुन्हा चिकटवली. पाण्याचा आवाज थांबला तेव्हा मी देवापुढे बसून वाती वळत होते. मेली ढोंगी.

नात केसांना टॉवेल गुंडाळून चिठ्ठ्या वाचायला बसली. वाचल्या. पुन्हा वाचल्या.

"आजी, कमी आहेत यार."

"लोक आळशी असतात गं."

"नाही ना. मी पण एक टाकली होती. ती नाहीये यात."

वात माझ्या बोटांतच राहिली. तिची चिठ्ठी यात नाही, म्हणजे ती बरणीत होती. लहानपणापासून माझ्या हातचा लाडू खाऊन "मस्त गं आजी" म्हणणारी ही पोर. आणि जी लाडू भिडेखातर खाते, ती नोकरी कशाखातर सोडत असेल?

गप्प बसणं सोपं होतं. चिठ्ठ्या हरवल्या, एवढं म्हटलं असतं की झालं. पण मला ती ट्रंक दिसत होती, आणि त्या ट्रंकेत आता पापडांऐवजी माझी नात.

मी उठले. बरणी आणली आणि तिच्यासमोर चटईवर उपडी केली. दाण्यांबरोबर चिठ्ठ्या पडल्या.

ती किती तरी वेळ दाणे बाजूला करत राहिली. मग एक चिठ्ठी उचलून मुठीत धरली. "सॉरी आजी."

"धंदा पण भिडेखातरच करणार होतीस?"

"तू किती खूश होतीस. कसं सांगणार?"

"सोमवारी त्यांना हो म्हण. आणि सरांना या सगळ्या चिठ्ठ्या दे. मी चोरल्या होत्या, तेही लिही."

"तुझं नाव घालून?"

"चिठ्ठीवर नाव नको म्हणालीस ना?"

ती हसली, पण डोळे भरलेले. सवयीने माझा हात लाडवांच्या डब्याकडे गेला. "खाशील एक?" मी विचारलं. एवढं सगळं झाल्यावर ती आता हो म्हणाली असती, तर आम्ही दोघी पुन्हा होतो तिथेच.

तिने डब्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

"नको."

मग मीच एक तोंडात टाकला. कडूच होता मेला.