तळघराची ओल

आमचं घर उतारावर, त्यामुळे पावसाळाभर डोंगराचं पाणी तळघराच्या भिंतीतून पाझरायचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, सकाळचा चहा झाला की खाली जात, भिंतीला तळवा लावत आणि वर आईला हाक देत, "आज कमी आहे गं!" ओल कधीच कमी नसायची. आई तरीही रोज म्हणायची, "बरं झालं." घराला अशी एखादी थाप मिठासारखी रोज लागते.

अण्णा गेले. यंदा मी भिंतीबाहेर चर खणून घेतला, पाइप टाकून पाणी ओढ्याकडे वळवलं. गवंडी म्हणाला, "ताई, हात लावून बघा, कोरडीठाक!"

तळवा लावला. खरंच कोरडी होती. वर आई एकटीच चहा पीत बसली होती. हाक द्यायला मी तोंड उघडलं. पण "आज कमी आहे" म्हणायला थोडी तरी ओल उरायला हवी होती.