स्टेक आणि वेटरची नजर

फ्लोरेन्सला गेल्यावर तिथला नामांकित स्टेक खायचाच, असं मी बायकोला ऐटीत सांगितलं होतं. वेटरने तीन बोटं जाड, हाडासकट, मांसाचा लालभडक कच्चा तुकडा ताटात घालून माझ्या नाकासमोर धरला. हा असाच खायचा? तरी व्याह्यांनी आग्रहाने वाढल्यावर म्हणावं तसं मी हसून “वा, वा” म्हणालो.

“अहो, नुसता दाखवायला आणलाय. आता भाजतील,” बायको पुटपुटली.

भाजून आला तो बाहेरून काळा आणि आतून तसाच लाल. अजून थोडा भाजता का, असं मी भीतभीत विचारलं. वेटरने छातीवर हात ठेवला, जणू मी त्याच्या आईच्या स्वयंपाकाला नावं ठेवली होती. “नो,” एवढंच म्हणाला.

“घरी मीठ कमी पडलं तर वाटी दूर सरकवता की!” बायकोने टोमणा मारला.

खरंच, परक्या गावात माणूस चोराला भीत नसेल इतका वेटरला भितो. घरी नखरे करणारी जीभ तिथे अंग चोरून बसते.

वेटर कोपऱ्यातून बघत उभा होता. मी घास तोंडात टाकला. चव कशी होती, ते आजही सांगता येणार नाही. मी त्याच्याकडे बघून हसण्यात गुंतलो होतो.