उन्हातले जिवाणू

राजापूरच्या बाजारात मी ज्याच्याकडून खत घेते, त्याचं प्रत्येक वाक्य ‘निर्धास्त’वर संपतं. "न्या वहिनी, निर्धास्त." रोज सकाळी खांद्यावरच्या पंच्याने तो जिवाणू खताच्या बाटल्या लखलखीत पुसतो आणि दर्शनी काचेच्या कपाटात मांडतो. दुपारी तिथे असं ऊन येतं की काचेला हात लावता येत नाही. बाटलीवर ठळक छापलंय, थंड जागी ठेवा. आत जिवंत जीव आहेत; त्यांनी कलमांच्या मुळांभोवती वाढायचं, मातीतलं अन्न झाडाला मिळवून द्यायचं. दुकानात फ्रिज आहे, पण त्यात सरबतं आणि घरी न्यायचे बांगडे!

एकदा मी म्हटलं, "अहो, उन्हात मरतील ना ते!"

"डोळ्यांना दिसतात काय? मग मेले कशावरून?" म्हणत तो हसला. मी बाटली घेतली.

परवा संध्याकाळी गेले, तर तो घरी निघायच्या तयारीत होता. त्याने फ्रिज उघडला, बांगडे बाजूला सारले, मागून जिवाणू खताची थंडगार बाटली काढली आणि ओल्या पंच्यात गुंडाळून स्वतःच्या पिशवीत ठेवली. म्हणजे मेल्याला सगळं ठाऊक होतं!

मला बघून तो जराही ओशाळला नाही. कपाटातली तापलेली बाटली पुसून त्याने पुढे केली. "न्या वहिनी, निर्धास्त."

मी त्याच्या पिशवीकडे बोट दाखवलं. "मला ती द्या."

"ती विकायची नाय," तो म्हणाला. "ती आमच्या कलमांना."