हात सोडा

त्या रविवारी सकाळपासूनच माझं डोकं तापलेलं होतं. गुलमंडीच्या मागं, जिना चढून वर, आमच्या बहिऱ्यांच्या मंडळाची एक खोली आहे. एकच खिडकी, तीही शेजारच्या भिंतीकडं उघडणारी, त्यामुळं भर दुपारी दिवे लावावे लागतात. अध्यक्ष मी, आणि चिटणिसापासून चहा करणारीपर्यंत झाडून सगळे बहिरे. आमचा कारभार आम्हीच करायचा, हा एकच हट्ट धरून मंडळ काढलं होतं. आता एक साहेब त्याच हट्टावर पाणी सोडायला सांगत होते.

साहेब ऐकणारे, मोठे कारखानदार. सिडकोतला हॉल मंडळाला कायमचा देतो म्हणाले. अट एवढीच, की अध्यक्ष ते होणार.

खुलताबादचा आमचा एक सुतार सकाळीच माझ्याशी कडाकडा भांडला होता. "लेकरांना बसायला जागा नाय, अन् तुला खुर्ची सुटंना व्हय?" माझ्या नाकाशी बोटं नाचवत त्यानं विचारलं. मला लई झोंबलं. हॉल मलाही हवाच होता की! गंगापूरहून जीपनं येणाऱ्या बाया जिन्यात बसतात, ते मला काय दिसत नाही?

दुपारी खोली खच्चून भरली. साहेब बोलत होते आणि मंडळानं बोलावलेली ऐकणारी दुभाषी मुलगी त्यांचं बोलणं हातांनी सांगत होती. मी उत्तर द्यायला उठले. तेवढ्यात साहेब पुढं आले आणि मोठ्या मायेनं त्यांनी माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. फोटोवाला सरसावला.

आमच्यात नवराबायको कितीही भांडले तरी एकमेकांचे हात धरत नाहीत. ते म्हणजे तोंडात बोळा कोंबणं. साहेबांना हे कोण सांगणार?

साहेबांचे ओठ हलले आणि मुलीचे हात सांगू लागले, "ताईंची काही हरकत नाही. आजच ठरवून टाकू." अरे देवा! मी नाही नाही म्हणून जोरजोरात मान हलवली. साहेब हसले. "ताई लाजतायत," हेही तिनं सांगितलं, पण तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी हात ओढले, त्यांनी आणखी घट्ट धरले. जन्मापासून बहिरी आहे मी, पण मुकी त्या दिवशी पहिल्यांदा झाले. पुढच्या रांगेत दोघांचे हात मतासाठी वर जायला लागलेसुद्धा.

एकदम अंधार झाला. मग उजेड. पुन्हा अंधार.

आमच्यात ज्याला सगळ्यांचं लक्ष हवं, तो दिवा असा चालू-बंद करतो, की सभा तिथंच थांबते. साहेबांना वाटलं लाईट गेली. ते वर बघायला लागले, पकड काही सुटली नाही. बटणापाशी सुतार उभा होता.

"हॉल मला पाहिजे," तो म्हणाला. "पण आधी तिचे हात सोडा."

मुलीनं ते मोठ्यानं सांगितलं असणार, कारण साहेबांनी चटका बसल्यासारखे हात काढून घेतले.

मग मी बोलले. काय काय बोलले ते आठवत नाही, एवढंच आठवतं, "यांच्या मनात वाईट नव्हतं, तरी हे झालं. हे अध्यक्ष झाले तर दर सभेला होईल." मतं पडली. हॉल गेला. सुताराचा हात माझ्या बाजूनं वर होता, पण चेहरा रडवेला.

निघताना साहेबांनी निरोपासाठी हात पुढं केला. मी माझे दोन्ही हात पाठीमागं नेले, नुसती मान लववली, आणि ते जिना उतरून जाईपर्यंत हात तिथंच ठेवले.