महिलांच्या दोनच जागा

नोटीस बोर्डासमोर गर्दी होती, म्हणून टाचा उंचावून यादी वाचली. कनिष्ठ लिपिक, खुला प्रवर्ग, सहा जागा. सहा नावांत वैष्णवीचं नाव नव्हतं. खरं सांगते, मला बरं वाटलं.

वैष्णवी माझी पुतणी, धाकट्या दिराची मुलगी. हीच परीक्षा माझ्या लेकीने, मानसीनेही दिली होती. मानसीला ठाण्याचा क्लास, वेगळी खोली, मागेल ते पुस्तक. वैष्णवी उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये आईबरोबर जीन्सचे धागे कापता कापता शिकली. मार्क लागले तेव्हा वैष्णवी पाचवी आणि मानसी यादीच्या पार तळाला. माझा नुसता जळफळाट झाला. तोंडाने म्हटलं, "वा, छान हो!" आणि घरी जाऊन मानसीवर उगीचच खेकसले.

त्यात माझी स्वतःची नोकरी अनुकंपावरची. म्हणजे नवरा नोकरीत असताना गेला, तर घरातल्या एकाला सामावून घेतात, ती. मी परीक्षा कधी दिलीच नाही. एकदा भांडणात शोभा, म्हणजे वैष्णवीची आई, माझी जाऊ, बोलून गेली होती, "तुम्हाला काय ताई, आयती मिळाली." नवरा गमावून मिळालेली नोकरी म्हणे आयती! ते मी विसरले नव्हते.

ऑफिस कुठलं ते सांगत नाही. अंबरनाथ ते बदलापूर पट्ट्यातलं आहे, एवढं पुरे. मी आस्थापनेत होते, म्हणजे नेमणुका, बढत्या, रजा बघणाऱ्या टेबलावर. लेकीने आणि पुतणीने फॉर्म भरले तेव्हाच मी तसं लेखी दिलं आणि आमच्या कदम साहेबांनी मला भरतीतून बाजूला ठेवलं. यादी दुसऱ्यांनी केली. पण अशा याद्या करण्यात माझे केस पांढरे झालेत. बोर्डासमोरून हलायच्या आतच चूक माझ्या लक्षात आली.

सहापैकी दोन जागा महिलांसाठी राखीव होत्या. याचा अर्थ निदान दोन बायका हव्यातच. उरलेल्या चार काही पुरुषांच्या नसतात, त्या सगळ्यांच्या असतात. आधी सगळ्यांना मार्कांप्रमाणे एका ओळीत लावायचं आणि वरचे सहा घ्यायचे. त्यात दोन बायका नसतील, तरच खालून वर घ्यायच्या. इथे वरच्या सहांत तीन मुली होत्या. पहिली, तिसरी आणि पाचवी वैष्णवी. आमच्या लोकांनी काय करावं? मुलींची ओळ वेगळी लावली, मुलांची वेगळी. दोन मुली घेतल्या, 'महिला कोटा फुल' म्हणून वैष्णवीला कापलं आणि सातव्या नंबरच्या मुलाला आत घेतलं.

यादीवर हरकत घ्यायला सात दिवस असतात. हरकत उमेदवाराने स्वतः द्यायची. नंतर कितीही रडा, उपयोग नाही.

त्याच संध्याकाळी शोभाचा फोन आला.

"ताई, पाचवी असून नाव नाही हो. काही चूक तर नाही ना झाली?"

"चूक कसली? महिलांच्या दोनच जागा होत्या. नशीब एकेकीचं."

"तुम्ही म्हणता म्हणजे तसंच असणार," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढचे सहा दिवस मी स्वतःला समजावत होते. घरच्या मुलीसाठी बोलले तर लोक काय म्हणतील? आपण बाजूलाच राहिलेलं बरं. सबब इतकी चांगली होती की मलाही पटायला लागली.

सातव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर कदम साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. समोर आणखी दोघे बसले होते. साहेब त्यांना म्हणाले, "या आमच्या मॅडम. सख्ख्या पुतणीचं थोडक्यात हुकलं, पण एक शब्द बोलल्या नाहीत. याला म्हणतात सचोटी!"

माझ्या कानशिलात कुणी वाजवली असती तरी चाललं असतं.

"साहेब, हाफ डे पाहिजे," मी म्हटलं. "पोटात दुखतंय."

शेअर रिक्षा धरून कॅम्प तीनला गेले. मायलेकी जीन्सच्या ढिगात बसल्या होत्या.

"वैष्णवी, कागद घे. पाचच्या आत हरकत द्यायचीय." नियम सांगितला. पोरीला एकदाच सांगावं लागलं. अर्ज तिचा तिनेच लिहिला, मी फक्त कुठला जीआर ते सांगितलं. लिहिता लिहिता मान वर न करता तिने विचारलं, "काकू, तुला हे कधी कळलं?"

आजच, असं म्हणता आलं असतं.

"यादी लागली त्याच दिवशी."

शोभाची कात्री थांबली. "मी फोन केला तेव्हा माहीत होतं?"

"होतं."

"मग का हो ताई?"

"मानसीचं झालं नाही आणि हिचं होतंय, ते बघवलं नाही मला."

शोभा कात्री खाली ठेवत म्हणाली, "मानसीचं नाही झालं तेव्हा मी रडले होते हो." आणि लेकीकडे वळून, "ऊठ गं, साडेतीन वाजले."

पावणेपाचला हरकत आवक शाखेत पोचली. यादी बदलली. सातव्या नंबरच्या मुलाने तोवर पेढे वाटले होते. तो माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "मॅडम, माझं काय चुकलं?" त्याचं काहीच चुकलं नव्हतं. कदम साहेबांनी मला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?" मी हो म्हटलं. त्यानंतर त्यांनी माझं कौतुक कधी केलं नाही.

वैष्णवी माझ्यापासून दोन टेबलं सोडून बसते. काम चोख आहे. अडलं की साहेब आता तिला हाक मारतात, आणि मला अजूनही झोंबतं. ऑफिसात सगळे मला मॅडम म्हणतात, तीही म्हणते. यंदा गणपतीत घरी आली, पाया पडली आणि म्हणाली, "मॅडम, येते."

भरतीचे फॉर्म भरणाऱ्या मुलामुलींना माझं एवढंच सांगणं आहे. यादी लागली की आधी सगळ्यांना मार्कांनी एका ओळीत लावून बघा. आणि नात्यातलं कुणी त्याच ऑफिसात असेल, तर त्याला विचारत बसू नका. नियम स्वतः वाचा.